सात महिन्यांची नोकरी

रोजगार मेळाव्याच्या व्यासपीठावरून एक वाक्य हमखास ऐकू येतं: "नोकऱ्या भरपूर आहेत हो, पण कामाची मुलं मिळत नाहीत." एचआरवाले म्हणतात, मंत्री म्हणतात, आणि समोर बायोडाटाची फाईल मांडीवर घेऊन बसलेल्या मुलांचे आईवडीलही मान डोलावतात. वाक्य खोटं नाही. चाकणला किंवा वाळूजला चांगला सीएनसी सेटर (संगणकावर चालणाऱ्या यंत्राची मापं जुळवणारा कारागीर) शोधायला निघालात तर चपला झिजतात, हे कुणीही कारखानदार सांगेल. पण सेटर तयार कुठे होतो? आयटीआयच्या वर्गात तो कधीच तयार होत नव्हता. तिथे पाया घातला जायचा. सेटर व्हायचा तो मशीनवर, जुन्या सेटरच्या शेजारी उभा राहून, दोन-तीन वर्षांत. ती दोन-तीन वर्षंच आपण सात-सात महिन्यांच्या करारांनी नोकरीतून काढून टाकली आहेत. कौशल्य नाही म्हणून काम नाही, असं तरुणांना सांगितलं जातं. आमच्या मते क्रम बऱ्याच ठिकाणी उलटा आहे: काम अशा पद्धतीने दिलं जातं की त्यात कौशल्य येऊच नये.

आधी आकडे, थोडक्यात. केंद्राच्या श्रमबल सर्वेक्षणात २०२३-२४ मध्ये देशातला बेरोजगारीचा दर ३.२ टक्के होता आणि १५ ते २९ वयोगटात १०.२ टक्के. म्हणजे काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या दहा तरुणांतले नऊ कामाला लागलेत, मग ओरड कसली? तर या मोजणीत वर्षभरात तीस दिवस काम केलेला माणूसही कामावर धरला जाऊ शकतो, आणि घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी राबणाराही. अभ्यासिकेत बसलेला मुलगा ‘सध्या काम शोधत नाही’ म्हणाला, तर तो बेरोजगारांत येतच नाही. यापेक्षा बोलका आकडा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या सहभागाने २०२४ मध्ये आलेल्या भारतीय रोजगार अहवालातला आहे. २०२२ साली तरुण पदवीधरांत बेरोजगारी २९.१ टक्के होती. ज्यांना लिहितावाचता येत नाही अशा तरुणांत ३.४ टक्के. शिकलेला जास्त बेकार, याचा अर्थ शिक्षण वाईट एवढाच काढायचा नसतो. न शिकलेल्याला रिकामं बसणं परवडतच नाही, तो मिळेल ते काम धरतो. शिकलेल्याच्या घराने त्याच्या शिक्षणावर पैसा घातलेला असतो, आणि तो निदान त्या पैशाच्या तोलाचं काम मिळेपर्यंत थांबतो. तसं काम आहे कुठे, हा खरा मुद्दा.

एखाद्या मध्यम सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आयटीआय झालेला मुलगा पहिल्या दिवशी काय करतो, ते बघू. त्याला सीएनसी टर्निंग मशीनसमोर उभं करतात. काम असं: दार उघडायचं, एअर गनने चक (तुकडा धरणारी पकड) आणि जॉवरची (पकडीच्या दातांवरची) चिप (धातूचा कीस) उडवायची, पायातला पेडल दाबून जॉब (घडवायचा तुकडा) धरायचा, दार लावायचं, सायकल स्टार्टचं बटण दाबायचं. मशीन चालू असताना आधीच्या जॉबची बर (कडेला उरलेली धार) काढायची, स्नॅप गेज (माप तपासायचं साधन) लावून बघायचा, ‘गो’ बाजू गेली आणि ‘नो गो’ अडकली की जॉब क्रेटमध्ये. याला शॉपमध्ये लोडिंग-अनलोडिंग म्हणतात. यातली शिकण्याजोगी गोष्ट एकच, आणि ती पहिल्या तासात शिकून होते: जॉच्या खाली चिप राहिली तर जॉब तिरका बसतो, रनआऊट (फिरताना डगमग) येतो आणि पीस रिजेक्ट होतो. त्यानंतर तोच मुलगा तेच काम तीन वर्षं करू शकतो.

खरं शिकणं पुढच्या टप्प्यावर असतं. व्यास २५.०० हवा आहे आणि मायक्रोमीटर २५.०३ दाखवतोय, तर टूलच्या वेअर ऑफसेटमध्ये (झिजेची भरपाई करणाऱ्या आकड्यात) एक्स अक्षाला उणे ०.०३ द्यायचं. इन्सर्ट (टूलचं बदलायचं पातं) बदलला की जुना वेअर शून्य करायचा, पहिला पीस सावकाश काढून मोजायचा, मग पुढे जायचं. ऐकायला सोपं आहे. पण उणेच्या जागी अधिक पडलं तर माप दुप्पट बिघडतं, ०.०३ च्या जागी ०.३ गेलं तर पीस भंगारात, आणि ऑफसेटचा आकडा किंवा टूलचा नंबर त्याहून मोठा चुकला तर टूल थेट चकवर आदळतं. मग दुरुस्तीचा खर्च, दोन दिवसांचं बंद मशीन आणि ग्राहकाचे फोन. म्हणून नवख्याला पॅनेलला हात लावू देत नाहीत. हे बरोबरच आहे. पण शेजारी कुणीतरी उभं राहून हात लावू दिल्याशिवाय तो शिकणार कधी?

आता शेजारी उभं राहण्याची किंमत काढू. एका जॉबचा सायकल टाईम लोडिंगसकट ९० सेकंद धरा. शिफ्टमधून जेवण आणि चहा वजा जाता ४५० मिनिटं उरतात. म्हणजे ३०० पीस, आणि बोर्डवर टार्गेटही ३०० च लिहिलेलं असतं. सेटरने वीस मिनिटं मशीन थांबवून मुलाला ऑफसेट समजावला तर १३ पीस गेले. रोज वीस मिनिटं, असं महिनाभर केलं तर एका मशीनचं एका शिफ्टहून जास्त उत्पादन. ज्या मुलाला पाच-सात वर्षं ठेवायचं आहे त्याच्यावर कुठलाही शहाणा मालक हा खर्च करील, कारण पुढे तोच मुलगा दोन मशीन सांभाळून तो भरून देतो. सातव्या महिन्यात ज्याला गेटबाहेर काढायचं आहे, त्याच्यावर का करील? आणि सेटर तरी का करील? त्याच्या टार्गेटमधून ते १३ पीस कुणी वजा करत नाही.

सातच महिने का, हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ नुसार बारा महिन्यांत २४० दिवस भरले की सलग एक वर्षाची सेवा धरली जायची आणि काढताना नोटीस, भरपाई यांचा प्रश्न यायचा. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत (कारखान्यातल्या सेवाशर्तींच्या नियमांत) तर बदली किंवा तात्पुरत्या कामगाराचे असे २४० दिवस भरले की त्याला कायम करण्याची तरतूद होती. सात महिने म्हणजे साधारण २१० दिवस. सुट्ट्या, ओव्हरटाईम कसाही मोजा, २४० च्या आतच राहतो. मग ‘ब्रेक’. महिनाभर घरी, पुन्हा दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर त्याच किंवा शेजारच्या कंपनीत, पुन्हा लोडिंग-अनलोडिंग. कामगाराला संरक्षण देण्यासाठी आखलेली रेषा मालकासाठी कामगार बदलण्याची तारीख झाली. कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, यात शंका नाही. पण रेषा एकाच ठिकाणी आणि एवढी ठळक आखली की तिच्या आधी थांबणं हाच सगळ्यांचा धंदा झाला.

त्यात वेळोवेळी नवी दारं उघडली गेली. २०१३ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने ‘नीम’ योजना आणली. तीन ते छत्तीस महिने ‘ट्रेनी’, विद्यावेतन अकुशल किमान वेतनाएवढं, कामगाराचा दर्जा नाही, म्हणून पीएफ-ईएसआय (भविष्य निर्वाह निधी आणि कामगार विमा) नाही. पुणे पट्ट्यातल्या वाहन उद्योगात ‘नीम ट्रेनी’ हा जणू एक हुद्दाच होऊन बसला. छत्तीस महिने प्रशिक्षण कसलं, तर जॉब टाकायचा आणि काढायचा! पुढे परिषदेने ती योजना गुंडाळली, पण तिने लावलेली सवय गेली नाही. आज देशातल्या संघटित कारखान्यांत ठेकेदारामार्फत आलेल्या कामगारांचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या पुढे आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनी मुदतीच्या नोकरीला अधिकृत जागा दिली, नेमणूकपत्र सक्तीचं केलं, मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी दिली. नेमणूकपत्राची सक्ती खरोखर कामाची आहे. पण मुदत किमान किती असावी, किती वेळा वाढवावी, याची मर्यादा संहितेत नाही. २४० दिवसांची व्याख्याही तशीच आहे. वर्ष भरलं तर ग्रॅच्युइटी, आणि करार सात किंवा अकरा महिन्यांचा. पुढचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

पगाराचं बोलू. ‘महिना वीस हजार’ अशी जाहिरात व्हॉट्सअॅपवर फिरते. हा आकडा सीटीसीचा (मालकाला पडणाऱ्या एकूण खर्चाचा) असतो आणि फोडला की असा दिसतो. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १४,००० धरू, त्यावर ५ टक्के घरभाडं ७००, एकूण १४,७००. मालकाच्या वाट्याचा पीएफ प्रशासकीय खर्चासह १३ टक्के, म्हणजे १,८२०. ईएसआय ३.२५ टक्के, ४७८. बोनस ८.३३ टक्के, १,१६६. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के, ६७३. ही बेरीज १८,८३७ होते. उरलेल्या हजार-बाराशेत गणवेश, सेफ्टी शूज, कँटीन बसवलं की झाले वीस हजार. आता हातात काय येतं? १४,७०० मधून स्वतःचा पीएफ १,६८०, ईएसआय १११, व्यवसाय कर २०० गेला की १२,७०९. यात गंमत अशी की ६७३ रुपयांची ग्रॅच्युइटी दर महिन्याला ‘पगारात’ मोजलेली आहे, पण सात महिन्यांच्या माणसाला ती मिळायचीच नाही. बोनस मिळू शकतो, वर्षात तीस दिवस काम झालं की हक्क लागतो. पण दिवाळी येईपर्यंत ठेकेदार बदललेला असतो आणि जुन्याच्या ऑफिसात खेटे घालायला सुट्टी कुणाला असते? खोलीत चौघे-पाचजण राहिले तरी भाड्याचा वाटा, मेस, गॅस, प्रवास मिळून सहा-साडेसहा हजार जातात. उरलेल्यातून हिंगोलीला किंवा गडचिरोलीला घरी काही पाठवायचं, आणि महिनाभराच्या ब्रेकसाठी बाजूलाही काढायचं. मुलींचं गणित याहून अवघड. त्यांच्यासाठी सुरक्षित खोली आणि रात्रपाळीची बस या दोन गोष्टींवरच नोकरी घ्यायची की नाही हे ठरतं, पगाराचा नंबर नंतर.

या पगारात मुलगा पाचशे रुपये जास्त देणाऱ्या शेजारच्या गेटवर गेला तर त्याला बेभरवशाचा म्हणण्यात अर्थ नाही. तरीही कारखानदारांची इथली तक्रार ऐकून घेतली पाहिजे, कारण तिच्यात तथ्य आहे. लहान पुरवठादाराने वर्षभर खपून सेटर तयार केला की मोठी कंपनी किंवा पलीकडचा शेडवाला त्याला दोन हजार वाढवून उचलतो. शिकवण्याचा खर्च एकाचा, फायदा दुसऱ्याचा. मोठ्या कंपनीचं शेड्यूल महिन्याला बदलतं, किंमत दरवर्षी खाली ओढली जाते, पैसे उशिरा येतात. अशा माणसाला ‘सगळ्यांना कायम करा’ म्हणणं म्हणजे धंदा बंद कर म्हणण्यासारखं आहे. म्हणून सगळा दोष कारखानदाराच्या लोभावर ढकलणारी भाषणं आम्हाला पटत नाहीत. शिकवण्याचा खर्च एकट्या लहान मालकाने उचलावा ही अपेक्षाच चुकीची. तो खर्च समाजाने वाटून घ्यायचा असतो, आणि त्यासाठी सरकारी पैसा आहेही. तो जातो कुठे, तेवढं पाहायला हवं.

सर्वांत जुनी वाट शिकाऊ उमेदवारीची, १९६१ च्या कायद्याची. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने ठेक्याची माणसं धरून एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायचेच असतात. २०१९ च्या नियमांत किमान विद्यावेतन दहावीला ६,०००, आयटीआयला ७,७००, पदविकेला ८,०००, पदवीला ९,००० असं ठरलं. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ परिषदेने त्यात ३६ टक्के वाढीची शिफारस केली. राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत सरकार विद्यावेतनाचा २५ टक्के, पण जास्तीत जास्त १,५०० रुपये वाटा उचलतं. तेव्हा २०१९ च्या दराने आयटीआयवाला कंपनीला ६,२०० ला पडतो. शिकाऊ असल्याने पीएफ-ईएसआय नाही. शेजारच्या मशीनवर तेच काम करणारा ठेक्याचा मुलगा वर काढल्याप्रमाणे अठरा हजारांच्या पुढे पडतो. एवढा फरक असल्यावर शिकाऊ उमेदवाराला प्रशिक्षण विभागात बसवून कोण ठेवील? तो पहिल्याच आठवड्यात लाईनवर जातो. कायद्याने त्याला मूलभूत प्रशिक्षण, वेगवेगळ्या विभागांत फिरवणं, नोंदवही आणि शेवटी परीक्षा हे सगळं दिलेलं आहे. पण नोंदवही शेवटच्या महिन्यात एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरली जाते आणि सही करणाऱ्याला त्या मुलाचं नावही नीट माहीत नसतं.

राज्याची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना २०२४ ची. बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये महिना, आधी सहा महिने, मग अकरा. यात पैसा थेट तरुणाच्या खात्यात जातो, ही बाजू चांगली. पण अनेक जण सरकारी कार्यालयांत, शाळांत रुजू झाले, जिथे रिक्त पदांचं काम त्यांच्याकडून करून घेतलं गेलं आणि अकरा महिन्यांनी हातात प्रमाणपत्र देऊन निरोप. मग ते आंदोलनाला बसले, यात नवल नाही. केंद्राच्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेचं तर पहिल्याच फेरीत दिसलं: ८२ हजारांहून अधिक जणांना जागा देऊ केल्या गेल्या, रुजू झाले नऊ हजारांच्या आत. महिना पाच हजारांत घरापासून दोनशे किलोमीटरवर बारा महिने राहायचं कसं, हे कागदावर योजना आखणाऱ्याला सुचलं नसावं. ऑगस्ट २०२५ पासूनच्या विकसित भारत रोजगार योजनेत पहिल्यांदा नोकरीला लागणाऱ्याला पंधरा हजारांपर्यंत रक्कम दोन हप्त्यांत आणि मालकाला प्रत्येक वाढीव माणसामागे महिना तीन हजारांपर्यंत प्रोत्साहन आहे. मालकासाठी टिकवण्याची अट सहा महिन्यांची. सहा महिने! ज्या पट्ट्यात करारच सात महिन्यांचा असतो तिथे या अटीने कुणाचीही वागणूक बदलणार नाही.

या सगळ्या योजनांत सरकार महिने विकत घेतं. विकत घ्यायला हवं ते शिकलेलं काम. आमची सूचना साधी आहे. शिकाऊ उमेदवारामागचा सरकारी वाटा वाढवा, तिप्पट करा हवं तर. पण त्यातला निम्मा दरमहा द्या आणि निम्मा त्याच उमेदवाराने परीक्षा पास करून राष्ट्रीय प्रमाणपत्र घेतल्यावरच. ती परीक्षाही कागदी नको. फिटर असेल तर ड्रॉइंगवरून काटकोनी जोड फाईलने बसवून दाखव. टर्नर असेल तर प्रोग्राम दिलेल्या मशीनवर शून्य सेट कर, पहिला पीस काढ, ऑफसेट देऊन मापात आण. परीक्षक दुसऱ्या कारखान्याचा असावा. प्रत्येक कंपनीने किती शिकाऊ घेतले, किती परीक्षेला बसले, किती पास झाले, किती जणांना स्वतःकडे ठेवलं, हे चार आकडे कंपनीच्या नावासह शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर उघडे ठेवा. मेळाव्यात स्टॉल लावायच्या आधी मुलांना ते दिसू देत. पळवापळवीवर उपाय हवा असेल तर ज्या कंपनीने शिकवलं तिला प्रमाणपत्रामागे एकरकमी रक्कम द्या, मग मुलगा कुठेही जावो. लहान कारखानदाराची तक्रार त्याने बरीच मिटेल.

आयटीआयबद्दल एकच. पन्नास वर्षांपूर्वीच्या लेथवर शिकवतात म्हणून नाकं मुरडली जातात, पण हाताला माप कळायला जुना लेथही पुरतो. अडतं ते उपकरण हातात न मिळाल्यामुळे. मुलाखतीत मायक्रोमीटर पुढे ठेवतात: स्लीव्हवर (स्थिर नळीवर) ७.५ दिसतंय, थिंबलची (फिरत्या टोपणाची) २८ वी रेघ जुळते आहे, वाच. उत्तर ७.७८ मिलीमीटर. प्रमाणपत्रावर ८० टक्के असलेली मुलं इथे ७.२८ सांगतात, कारण अर्ध्या मिलीमीटरची रेघ सोडून देतात. वाचण्याआधी शून्य चूक तपासणारा तर विरळाच. वीस जणांच्या तुकडीत दोन मायक्रोमीटर आणि तेही कपाटात असतील तर दुसरं काय होणार?

पदवीधरांकडे वळलं तर नावं बदलतात, गोष्ट तीच राहते. हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत फ्रेशरचं पॅकेज तीन ते साडेतीन लाखांवर दहा वर्षांहून अधिक काळ अडकून पडलं आहे, खोलीचं भाडं मात्र तिथेच थांबलेलं नाही. ‘फ्रेशर’च्या जाहिरातीत एक-दोन वर्षांचा अनुभव मागतात. मग अनुभव विकणारे निघतात: कोर्सची फी भरा, सोबत दोन वर्षांचं एक्सपिरियन्स लेटर. या सापळ्यात अडकणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की कंपन्या आता पीएफच्या यूएएनवरची (खातेदाराच्या कायमच्या क्रमांकावरची) सेवानोंद मागतात. कुठल्या तारखेला लागलात, कधी सोडलंत, किती पैसे भरले गेले, सगळं तिथे दिसतं. पत्रावर दोन वर्षं आणि यूएएन कालचा, तर रुजू झाल्यावर सहा महिन्यांनीही काढतात, आणि मग खरा अनुभवही कुणी मोजत नाही.

आता अभ्यासिका. पुण्यात पेठांमधून, नाहीतर जिल्ह्याच्या ठिकाणी, वर्षानुवर्षं परीक्षा देणाऱ्या मुलांना ‘सरकारी नोकरीचं वेड’ लागलंय असं म्हणायची फॅशन आहे. वेड कसलं, हिशेब आहे. पोलीस शिपायाचं मूळ वेतन २१,७०० पासून सुरू, तलाठ्याचं २५,५००, वर भत्ते, आणि उद्या ब्रेक मिळेल ही भीती नाही. समोर १२,७०९ रुपये आणि सात महिने. यातलं पहिलं निवडण्यासाठी वेडं असण्याची गरज नाही. गडबड संधीच्या प्रमाणात आहे. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांना साडेसतरा लाखांहून अधिक अर्ज आले, शंभरात एक. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा आणि दहा लाखांवर अर्ज. खुल्या गटाला शुल्क हजार रुपये, राखीवला नऊशे. बेकारांकडून घेतलेल्या त्या रकमेची बेरीज कुणीही करून पाहावी. परीक्षा ५७ सत्रांत झाली, गुण सामान्यीकरणाने (सोप्या-अवघड सत्रांचे गुण एका पातळीवर आणून) जुळवले गेले, आणि दोनशेपैकी २१४ गुण मिळालेला उमेदवार यादीत आला. सामान्यीकरणाच्या सूत्रात हे शक्य असतं, त्यात गैर काही सिद्ध होत नाही. पण सूत्र आधीच, मराठीत, उदाहरणासह जाहीर केलं असतं तर निम्मा संशय उठलाच नसता. २०२१ ची आरोग्य विभागाची पेपरफूट ज्यांनी भोगली, त्यांच्याकडून विश्वासाची अपेक्षा करायची तर एवढं करायलाच हवं होतं.

त्याहून मोठं नुकसान अनियमिततेचं आहे. तलाठ्याची भरती २०१९ ला झाली, पुढची थेट २०२३ ला. मधली चार वर्षं मुलगा ‘जाहिरात येणार आहे’ या बातमीवर काढतो. राज्यसेवेतल्या बहुतेक पदांना वयोमर्यादा खुल्या गटाला ३८, राखीवला ४३. ही सवलत माणुसकीची, पण तिची दुसरी बाजू अशी की तीस-बत्तिशीपर्यंत थांबायला कागदोपत्री मुभा मिळते, आणि त्यानंतर खाजगी कंपनीच्या टेबलावर पहिला प्रश्न येतो, "इतकी वर्षं काय करत होता?" दरवर्षी ठरलेल्या महिन्यात, रिक्त जागांच्या ठराविक हिश्शाची भरती निघाली, मग जागा पाचशे का असेनात, तर मुलांना आपलं वर्ष आखता येईल. दोन प्रयत्न करायचे आणि नाहीच जमलं तर शिकाऊ उमेदवारीला लागायचं, असं ठरवता येईल. सरकारने २०२३ मध्ये बाह्य संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय काढला आणि विरोधामुळे ऑक्टोबरमध्ये मागे घेतला. त्यातून मुलांनी काढलेला अर्थ एवढाच: जी दारं आहेत तीही बंद होणार, तेव्हा आत्ताच आत घुसा. रांग त्यामुळे लांबलीच.

धोरण बदलेल तेव्हा बदलेल. उद्या सकाळी रुजू व्हायचं असेल त्याने काही गोष्टी आजच विचाराव्यात. नेमणूकपत्रावर नाव कुणाचं आहे, कंपनीचं की ठेकेदाराचं? ‘अप्रेंटिस’ म्हणून घेत असतील तर पोर्टलवरच्या कराराचा नोंदणी क्रमांक मागा. क्रमांक नसेल तर तुम्ही अप्रेंटिस नाही, विनासंरक्षण मजूर आहात, आणि शेवटी परीक्षेला बसायलाही मिळणार नाही. ट्रेड (कामाची शाखा) कोणता नोंदवला आहे हेही बघा, फिटरला भलत्याच ट्रेडखाली दाखवण्याचे प्रकार होतात. पगार विचारताना ‘हातात किती’ एवढंच विचारा, कँटीन-बस कापून. ओव्हरटाईम दुप्पट दराने देणं कायद्याने बंधनकारक आहे. ‘सिंगल ओटी’ (एकपट दराचा ओव्हरटाईम) म्हणाले तर पुढचंही सगळं त्याच मापाने मिळेल, हे समजून चला. कामाला लावून देण्याचे पैसे मागणाऱ्या कन्सल्टन्सीला नमस्कार करून बाहेर पडावं. आणि किती महिन्यांनी दुसरं मशीन, दुसरा विभाग मिळेल, हे सुपरवायझरला थेट विचारावं. उत्तर टाळलं तरी ते उत्तरच असतं.

सोडताना अनुभवपत्रात ‘हेल्पर’ किंवा ‘ट्रेनी’ एवढंच लिहून घेऊ नका. कोणतं मशीन, कोणता कंट्रोलर, कोणते जॉब, कोणती मोजमापाची साधनं वापरली, हे चार ओळींत लिहून द्यायला सांगा. बहुतेक सुपरवायझर हे देतात, मागत कुणी नाही. पगाराच्या पावत्या दर महिन्याला फोनमध्ये साठवा. आणि प्रत्येक ठेकेदार सोडल्यावर यूएएनवर सोडल्याची तारीख चढली आहे का ते तपासा. ती नसेल तर पीएफ पुढच्या खात्यात जात नाही आणि नव्या कंपनीला तुम्ही अजून जुन्याच नोकरीत दिसता. ठेकेदार फोन उचलत नसेल, तर शेवटचा हप्ता भरला गेल्यापासून दोन महिन्यांनी आधार जोडलेल्या मोबाईलवरच्या ओटीपीने ती तारीख स्वतःलाच भरता येते.